न वाढवता ओळखलेले पाण्यातले विषाणू

विषाणू म्हटलं की आपल्याला कोरोना आठवतो. पण समुद्राच्या १ मिलिलिटर पाण्यात सुमारे १ कोटी विषाणू असतात, आणि त्यातले बहुतेक माणसावर नाही, जिवाणूंवर जगतात. नर्सिंगला आम्ही शिकलो, की विषाणू वाढवायला जिवंत पेशी लागते. घोडं इथंच अडायचं. पाण्यातले बहुतेक जिवाणूच प्रयोगशाळेत वाढत नाहीत, मग त्यांचे विषाणू कसे वाढणार?

मेटाजिनोमिक्समध्ये वाढवायचंच नाही. पाणी इतक्या बारीक गाळणीतून काढतात की जिवाणू वर राहतात, विषाणू खाली उतरतात. मग सगळ्यांचा डीएनए एकत्रच वाचतात. शेकडो पुस्तकांचे कपटे एका पोत्यात भरावेत आणि जुळणाऱ्या ओळींवरून संगणकानं पानं जोडावीत, तसं हे काम. २००२ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या किनाऱ्यावरचं पाणी असं तपासलं, तेव्हा ६५ टक्क्यांहून जास्त तुकडे आधीच्या कुठल्याच नोंदीशी जुळले नाहीत! २०१९ मध्ये ‘तारा’ जहाजानं जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या नमुन्यांतून जवळपास २ लाख प्रकार मोजले गेले. त्यात आरएनएवाले विषाणू धरलेलेच नव्हते.

अर्थात डीएनए सापडला म्हणजे विषाणू जिवंत आहे असं नाही. आणि एवढ्या बारीक गाळणीतूनही ते खाली उतरतात, तर आपलं फडकं कुठं पुरणार? नळाला गढूळ पाणी आलं की गाळून भागत नाही, उकळावंच लागतं.