सकाळचा खडखडाट आणि तेलाचे दोन आकडे

हिवरे बाजारमध्ये येऊन पाण्याऐवजी तेलावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. पण हे दुधाचं गाव. पहाटे दुधाची पिकअप निघते, पाठोपाठ मोटारसायकली आणि ट्रॅक्टर. डिसेंबर-जानेवारीत आपल्या नगर भागात पारा कधी कधी १० अंशांच्याही खाली जातो. अशा पहाटे सेल मारला की इंजिन दोन-चार सेकंद खडखडतं आणि मग गप्प होतं. यावर ठरलेला सल्ला मिळतो, "तेल पातळ झालंय, जाड टाका." हा सल्ला बहुतेक वेळा उलटा पडतो, आणि महागातही पडतो. तेल बदलायला जेवढे पैसे लागतात, त्याच्या कितीतरी पट इंजिन उतरवायला लागतात.

आधी आवाज ओळखू. पहाटेचा प्रत्येक आवाज तेलाचा नसतो. थंड डिझेल इंजिनात दाबलेली हवा पुरेशी तापत नाही, त्यामुळे डिझेल किंचित उशिरा पेटतं आणि पेटतं तेव्हा एकदम भडकतं. ती जी कडक टकटक ऐकू येते, ती जळण्याची आहे. दुसरा आवाज पिस्टनचा. ॲल्युमिनियमचा पिस्टन थंडीत आक्रसतो, लायनरमध्ये थोडा सैल होतो आणि भिंतीवर आपटतो. हे दोन्ही आवाज इंजिन गरम होईल तसे कमी होतात. तिसरा आवाज वरच्या बाजूचा, टॅपेटचा. तो पहिल्या काही सेकंदांतच थांबतो. हा तेलाचा आवाज, म्हणजे तेल अजून वर पोहोचलं नाही याचा.

रात्रभर इंजिन बंद असतं तेव्हा तेल निथळून खाली चेंबरमध्ये येतं. पार्टवर राहतो तो फक्त एक पातळ थर. सेल मारल्यावर पंपाने ते तेल ओढायचं, फिल्टरमधून न्यायचं, क्रँकच्या बेअरिंगला द्यायचं आणि मग वर टॅपेटपर्यंत चढवायचं. तुमच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. पाऊस पडला एवढ्यावर भागत नाही, तो चरांत अडून जमिनीत मुरला पाहिजे. तसंच तेल चेंबरमध्ये भरपूर असून उपयोग नाही, ते बेअरिंगपर्यंत वेळेत पोहोचलं पाहिजे. आपल्या नगरच्या कायनेटिकची १९७२ साली आलेली लुना आठवा. तिला हा प्रश्नच नव्हता. टू-स्ट्रोक असल्यामुळे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, त्याला चेंबरमधून वर चढायचं नव्हतं.

आता तेल नेमकं करतं काय? १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोचँप टॉवर नावाचे इंजिनीअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल सोडायला त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं. आस फिरायला लागला आणि त्या भोकातून तेल उलट वर आलं. त्यांनी बूच मारलं, तेही बाहेर ढकललं गेलं. आत एवढा दाब आला कुठून? फिरणारा आस स्वतःबरोबर तेल ओढून अरुंद फटीत घुसवतो आणि त्या तेलावर तरंगतो. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं. म्हणजे चालत्या बेअरिंगमध्ये लोखंड लोखंडाला लागतच नाही, मध्ये तेलाची पाचर असते. ती तयार व्हायला दोन गोष्टी लागतात: तेल तिथे हवं आणि आस फिरता हवा. सुरुवातीच्या क्षणी दोन्ही कमी असतात, म्हणून त्या क्षणी झीज जास्त.

आता जाडपणा. पुस्तकात त्याला श्यानता म्हणतात. तेल वाहायला किती कुरकुर करतं, त्याचं हे माप. उन्हाळ्यात भराभर ओतता येणारी काकवी थंडीत बाटलीतून उतरत नाही, तसंच हे. मापाचं एकक सेंटीस्टोक. २० अंशाच्या पाण्याचं माप साधारण १. ट्रॅक्टरमधलं नेहमीचं '१५ डब्ल्यू ४०' तेल १०० अंशाला असतं १४-१५, ४० अंशाला होतं ११० च्या आसपास, आणि १० अंशाला जातं जवळपास ६०० वर. दुपारी नांगरताना जे तेल सळसळत धावतं, ते पहाटे चाळीस पट जाड असतं! डब्यातलं तेल तेच.

मग डब्यावरचे आकडे काय सांगतात? एसएई या अमेरिकन इंजिनीअरांच्या संस्थेने ही प्रतवारी १९११ मध्ये सुरू केली. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा. तो जितका लहान, तितकं तेल थंडीत सहज वाहतं. दुसरा आकडा १०० अंशाला तेल किती जाड राहतं त्याचा. ४० म्हणजे ४० अंश नव्हे, ती एक प्रत आहे: १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक. सोपं करून सांगतो. पहिला आकडा पहाटेचा, दुसरा दुपारचा.

जुन्या पंपाच्या इंजिनात नुसतं ४० नंबरचं तेल घालायचे. गरम झाल्यावर ते १५ डब्ल्यू ४० सारखंच, पण १० अंशाला त्याच्या साधारण दुप्पट जाड. आजच्या तेलात लांब साखळ्यांचे रेणू मिसळतात. थंडीत ते आखडून बसतात, उष्णतेत पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत.

आता त्या सल्ल्याकडे येऊ. जाड तेल टाकलं की मीटरवर ऑईलचा दाब वाढलेला दिसतो आणि मालक खूश होतो. पण दाब म्हणजे प्रवाह नव्हे. तेल पुढे सरकत नाही म्हणूनही दाब वाढतो. फार वाढला की पंपाजवळचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल परत चेंबरमध्ये जातं. फिल्टरचा बायपास उघडला तर उरलेलं तेल न गाळताच फिरतं. वरचा टॅपेट मात्र वाट बघत असतो.

श्रोत्यांतून प्रश्न आला आहे: "पण जुन्या ट्रॅक्टरचा आवाज जाड तेलाने खरंच कमी होतो, त्याचं काय?" होतो. झिजलेल्या मोठ्या फटींत जाड तेल उशीसारखं काम करतं. पण हा गरम इंजिनचा आवाज, म्हणजे दुसऱ्या आकड्याचा प्रश्न. इंजिन तेल खात असेल, गरम झाल्यावर दाब पडत असेल, तर कंपनीच्या पुस्तकात परवानगी असल्यास दुसरा आकडा एक पायरी वाढवा. पहिला वाढवू नका. आणि आवाज दबला म्हणजे झीज भरली, असं समजू नका.

उलट टोकही नको. १५ डब्ल्यूची परीक्षा शून्याखाली २० अंशांवर घेतात. आपल्याकडे तेवढी थंडी कधीच पडत नाही, त्यामुळे पुस्तकात १५ डब्ल्यू लिहिलं असेल तर शून्य डब्ल्यूचा महागडा डबा घ्यायची गरज नाही. या गावात आधी पाऊस मोजतात, मग ग्रामसभेत पाण्याचा हिशोब होतो आणि त्यावर पीक ठरतं. तेलही तसंच पुस्तक आणि हवा बघून ठरवा, शेजाऱ्याच्या डब्याकडे बघून नको.

उद्या पहाटेपासून एवढं करा. सेल मारण्याआधी पट्टी काढून तेलाची पातळी बघा. इंजिन सुरू झाल्यावर लगेच रेस देऊ नका. ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर इंजिन तिथेच बंद करा. मग अर्धा-एक मिनिट थांबून हळू निघा. टॅपेटचा आवाज रोज लांबत चालला तर तेल आणि फिल्टर वेळेवर बदलले होते का, ते तपासा. आणि खालून जड ठोका येत असेल, गरम झाल्यावरही थांबत नसेल, तर तो बेअरिंगचा समजा. त्यावर कुठल्याच डब्यात औषध नाही. गाडी उभी करा आणि मिस्त्रीला बोलवा.