पेंढाऱ्यांचा तळ आणि त्याचे गिऱ्हाईक
वाशिमच्या जुन्या वाटा : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण वऱ्हाडातल्या गढ्या पाहिल्या. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, कोपऱ्यांवरचे बुरूज, बंदुका रोखायला ठेवलेल्या जंग्या. ज्यांच्या धास्तीने गावोगावी या भिंती राखल्या गेल्या, ते पेंढारी स्वतः कसे राहत, हा आजचा विषय. धुळीचा लोट उठवत येणारा आणि गाव जाळून जाणारा पेंढारी सगळ्यांनी ऐकलेला असतो. पण वर्षातला बराच काळ तो आपल्या तळावर बायकामुलांत असे. हा तळ कसा चाले हे कळले की लुटीचा हिशेब कळतो.

तळ कुठे होता?

नर्मदेच्या उत्तर तीरावर, विंध्याच्या पायथ्याशी नेमावर आणि सतवास ही गावे आहेत. त्यांच्या आसपास चीतू पेंढाऱ्याचे तळ पडत. चीतू, करीमखान आणि वासिल महंमद हे अखेरच्या काळातले तीन मोठे म्होरके. नकाशा पुढे घेतला तर नेमावर वाशिमच्या जवळजवळ नेमके उत्तरेला दिसेल. सरळ रेषेत अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, मध्ये सातपुडा आणि पूर्णेचे खोरे. पेंढारी दिवसाला चाळीस-पन्नास मैल मजल मारत. म्हणजे नर्मदा ओलांडलेली टोळी आठवड्याच्या आत आपल्याकडच्या घाटमाथ्यावर येऊ शके.

आणि इथे घेण्यासारखे पुष्कळ होते. कारंजा ही नावाजलेली पेठ. वाशिमचे कापड तर इतके प्रसिद्ध, की १७६९ च्या कनकापूरच्या तहात जानोजी भोसल्यांनी पेशव्यांना दरसाल वाशिम-बाळापूरकडचे पाच हजार रुपयांचे कापड द्यावे, असे कलम होते. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाच्या एकट्या अमलाखाली आले. राजधानी दूर हैदराबादला, वसुली मक्त्याने दिलेली. रयतेच्या रक्षणाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे गावाला कळू नये असा तो कारभार.

तळ लपलेला नव्हता. सगळे पेंढारी मिळून वीस-पंचवीस हजारांवर घोडे होते, आणि एवढ्या जनावरांचा चारा-दाणा कोणाच्या नजरेतून सुटत नाही. त्यांना आडोसा मिळाला तो राज्यांच्या हद्दींचा. शिंदे, होळकर, भोपाळ आणि नागपूरकर यांच्या सीमा तिथे एकमेकींत गुंतल्या होत्या. एकाने हाकलले की दुसऱ्याच्या मुलखात जायचे. शिवाय शिंद्यांनीच म्होरक्यांना नर्मदाकाठच्या जमिनी दिल्या होत्या. टोळ्याही शिंदेशाही आणि होळकरशाही म्हणून ओळखल्या जात.

हे नाते जुने. मोहिमेत पेंढाऱ्यांचा तळ मराठी फौजेपासून वेगळा पडे. स्वतःच्या मुलखात असताना त्यांना माणशी रोज चार आणे मिळत. वर तट्टे आणि बैल लावून ते फौजेला धान्य, वैरण आणि जळण पुरवत. परमुलखात लूट करायची मोकळीक मिळाली की हे चार आणे बंद. म्हणजे पगार सरकारचा नाही आणि लुटीत मात्र सरकारचा हिस्सा, अशी सोय. हिस्सा नीट पोचला नाही तर म्होरक्याला कैद करून त्याच्याकडून पैसा काढला जाई. करीमखानाला शिंद्यांनी काही वर्षे ग्वाल्हेरला कोंडले आणि पुढे मोठी रक्कम घेऊन सोडले.

पावसाळ्यापासून दसऱ्यापर्यंत

मध्य हिंदुस्थानचा कारभार पाहिलेल्या सर जॉन माल्कमने १८२३ साली त्या प्रदेशाचा वृत्तांत छापला. तळावरच्या जीवनाची बरीच माहिती त्यात आहे. माल्कम पेंढाऱ्यांवर चालून गेलेल्या फौजेतला सेनापती होता, हे ध्यानात ठेवून ती वाचायची.

पावसाळ्यात नर्मदा दुथडी वाहू लागली की दक्षिणेची वाट बंद. हे महिने उधारीचे. तळावर धान्य येई ते व्यापाऱ्यांच्या आगाऊ रकमेवर, पुढच्या लुटीच्या भरवशाने. घोडा हे खरे भांडवल, म्हणून घरात टंचाई असली तरी त्याची निगा चुकत नसे. तळावर हिंदू आणि मुसलमान दोघेही असत. मुसलमान कुटुंबांतही हिंदू चालीरीती पाळल्या जात, आणि घोड्यावर बसलेल्या देवाची चांदीची प्रतिमा अनेकांच्या गळ्यात असे.

दसरा आला, नद्यांना उतार पडला, की घोड्यांना नाल ठोकले जात. मोहिमेचा म्होरक्या निवडताना घराण्यापेक्षा त्याची धडाडी आणि वाटांची माहिती पाहत. दोन-तीन हजारांची टोळी निघे. हजारात चारशेच्या आसपास चांगले घोडेस्वार, हातात बांबूचे लांब भाले. त्यांतल्या पंधरा-वीस जणांमागे एकाकडे बंदूक. आणखी चारशे मिळेल ते हत्यार घेतलेले लुटारू, उरलेले तट्टांवरचे नोकर-चाकर. तंबू नाही, सामान नाही. स्वाराच्या खोगिराला थोड्या भाकरी आणि घोड्याचा थोडा दाणा बांधलेला. मुक्काम जेमतेम. तेव्हाही लगाम हातात धरूनच झोपायचे. बायकाही कधी लहान घोड्यांवर किंवा उंटांवर बसून मोहिमेत जात. गावकरी पुरुषांपेक्षा त्यांना अधिक भीत, असे माल्कम लिहितो.

ठरलेल्या मुलखात पोचताच टोळी फुटे, लहान तुकड्या चहूकडे पसरत, आणि फौज गोळा होण्याआधी वेगळ्या वाटेने परतत. वेळ थोडा असल्याने पुरलेले धन काढायला छळाचा मार्ग. घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरून तो माणसाच्या तोंडावर बांधत आणि पाठीवर गुद्दे मारत. १८१६ मध्ये एक मोठी टोळी निजामाच्या मुलखातून थेट गुंटूरपर्यंत गेली. इंग्रजांनी नंतर केलेल्या चौकशीत बारा दिवसांत ३३९ गावे लुटलेली, १८२ माणसे मारलेली, ५०५ जखमी आणि ३,६०३ जणांचा छळ झालेला आढळला. गढीचा दरवाजा वेळेत बंद होण्याला किती मोल होते, ते या आकड्यांवरून कळते.

परत आल्यावर

तळाच्या वर्षातला सर्वांत गजबजलेला काळ टोळी परतल्यानंतरचा. आधी सरकारचा वाटा निघायचा. तो लुटीच्या चौथाईइतका ठरलेला, पण पुरता हाती येणे कठीण. मग मोहिमेच्या म्होरक्याचा भाग, आणि त्यानंतर व्यापाऱ्यांची पावसाळ्यातली उधारी. उरलेल्या मालाची दुकाने तळावरच मांडली जात आणि जत्रा भरे. आसपासच्या गावांतून, दूरच्या पेठांतून गिऱ्हाईक येई, कारण लुटीचा माल स्वस्त. विक्री बायकांच्या हाती असे. पुरुष तेवढ्या वेळात गाणी ऐकत, डोंबाऱ्यांचे आणि बहुरूप्यांचे खेळ पाहत. पैसा हातात टिकत नसे. तो संपला की पुन्हा उधारी आणि पुन्हा दसऱ्याची वाट.

दुष्टचक्र इथेच आहे. पेंढारी चैनीत राहत असते तर काहींनी तरी घोडा विकून शेत घेतले असते. पण लुटीचा मोठा भाग सरकार, सावकार आणि स्वस्त माल घेणारे गिऱ्हाईक यांच्याकडे जाई. जळायची ती गावे वऱ्हाडातली, फायदा नर्मदेकाठच्या बाजारात, आणि तलवार चालवणारा पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कर्जात.

१८१७-१८ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने लाखाहून अधिक फौज उतरवून नर्मदेच्या दोन्ही बाजूंनी कोंडी केली. करीमखान फेब्रुवारी १८१८ मध्ये माल्कमला शरण आला. त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली आणि तो शेतीवर राहिला. चीतू रानोमाळ फिरत राहिला, त्याला वाघाने मारले. सामान्य पेंढारी गावोगावच्या शेतकऱ्यांत मिसळून गेले. फौजेने टोळ्या मोडल्या हे खरे, पण त्या दोन पिढ्या तगल्या त्या त्यांना जमीन देणाऱ्या सरकारांमुळे आणि त्यांचा माल घेणाऱ्या पेठांमुळे. इतिहासाने दोष एकट्या पेंढाऱ्यांच्या माथी मारला. तो या तिघांत वाटला पाहिजे.

पुढच्या लेखांकात : हटकरांचे नाईक नौसाजी आणि १८१९ चा नोव्हाचा वेढा.