सामन्याआधी पाय ताणावेत का? कराटे, तायक्वांदो शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

मीरा रोड असो की भाईंदर, आमच्या आसपासची बरीच मुलं-मुली संध्याकाळी कराटे, तायक्वांदो नाहीतर बॉक्सिंगच्या क्लासला जातात. शालेय स्पर्धा जवळ आल्या की अम्मी-अब्बूंचा एक सवाल हमखास येतो: क्लासमध्ये आधी बराच वेळ पाय ताणून बसवतात, त्याने फायदा होतो की मुलं सामन्याआधीच ढिली पडतात?

सवाल रास्त आहे. आधी एवढं समजून घेऊ की स्ट्रेचिंग दोन तऱ्हेचं असतं. पाय पसरून पुढे वाकायचं आणि तसंच धरून ठेवायचं, हे स्थिर स्ट्रेचिंग. पाय झोक्यासारखा पुढे-मागे हलवणं, गुडघे वर घेत धावणं, खांदे गोल फिरवणं, हे हालचालीचं.

डेव्हिड बेहम आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जगभरातल्या अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. स्थिर स्ट्रेचिंगनंतर लगेच घेतलेल्या चाचण्यांत कामगिरी सरासरी ३.७ टक्क्यांनी घटली होती, तर हालचालीच्या स्ट्रेचिंगनंतर १.३ टक्क्यांनी वाढली होती. एक स्नायू ६० सेकंदांपेक्षा कमी ताणला तर घट जेमतेम १.१ टक्के, त्याहून जास्त ताणला तर ४.६ टक्के. म्हणजे नुकसान होतं ते खूप वेळ ताणून धरल्याने. असं ताणल्यावर मेंदूकडून स्नायूला येणारा हुकूम काही काळ मंदावतो आणि तेवढा वेळ स्नायू पूर्ण जोर लावत नाही.

सकाळी चालायला जाणाऱ्याला तीन-चार टक्क्यांनी काय फरक पडतो? पण तायक्वांदोत छातीवरच्या इलेक्ट्रॉनिक गार्डवर पुरेसा जोर बसला तरच गुण मिळतो. साध्या किकला छातीवर दोन गुण, डोक्यावर तीन. डोक्यापर्यंत पाय न्यायचा तर कमरेचा सांधा मोकळा हवाच. जोरही हवा, लवचीकताही हवी, खरी अडचण इथेच आहे. हालचालीच्या स्ट्रेचिंगने सामन्यापुरता सांधा चांगला मोकळा होतो. पूर्ण स्प्लिट मात्र आठवडे-महिने मेहनत केल्यावरच येतो आणि त्याची वेळ सराव संपल्यानंतरची.

आपल्या घरात 'तालीम' म्हटलं की शिक्षण आठवतं, कोल्हापुरात मात्र लाल मातीचा आखाडा. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून ऑलिम्पिकचं कांस्यपदक घेऊन आले, ते याच मातीतल्या कुस्तीतून घडलेले. तालमीतला जोर नीट पाहा. कंबर वर, मग छाती जमिनीलगत खाली, मग डोकं वर. प्रत्येक जोरात पाठ, खांदे आणि मांडीच्या मागचा स्नायू ताणला जातो, पण पहिलवान कुठेच थांबत नाही. बैठकांचंही तेच. संशोधकांनी आता ज्याला चांगलं म्हटलंय, ते वस्ताद कित्येक पिढ्यांपासून करून घेत आहेत!

'ताणलं की दुखापत होत नाही' हे मात्र आम्ही डोळे झाकून मानणार नाही. ऑस्ट्रेलियन लष्करात १,५३८ नव्या जवानांवर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००० मध्ये आले. व्यायामाआधी स्ट्रेचिंग करणारे आणि न करणारे यांच्या पायांच्या दुखापतींत म्हणावा असा फरक दिसला नाही.

उलट जबरदस्तीचं स्ट्रेचिंग स्वतःच दुखापत करू शकतं. काही ठिकाणी मुलाच्या गुडघ्यांवर दाब देऊन, कधी पाठीवर बसून स्प्लिट करून घेतात. हे सरळ बंद करायला सांगा. वाढत्या वयात स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो तो भाग कच्चा असतो. जोराचा झटका बसला तर तिथला हाडाचा तुकडाच सुटू शकतो. बसायच्या हाडापाशी 'टक' असा आवाज झाला आणि मूल लंगडू लागलं, तर तेल-मालिश करत बसू नका. हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढा.

सामन्याआधी पाच-दहा मिनिटं हलकं धावणं, मग पायाचे झोके, मग अर्ध्या वेगाच्या किक, एवढं पुरे. एखादा स्नायू फारच आखडला असेल तर तीस सेकंदांपर्यंत ताणा आणि लगेच पुन्हा हालचालीला लागा. जास्त वेळ धरून ताणायचं ते सरावानंतर, आठवड्यातून चार-पाच दिवस.

स्पर्धेत नाव पुकारलं जायला कधी कधी दोन-दोन तास लागतात आणि तोवर अंग थंड पडतं. तेव्हा मूल कोपऱ्यात पाय पसरून बसलेलं दिसलं तर त्याला उठवा आणि हातात स्किपिंगची दोरी द्या.