गाण्याला ठरलेली वेळ लागते

वर्धा जिल्ह्यातल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या गायलेल्या गाण्यांची यादी करायला बसलं, तर ती बरीच लांबते. पहाटेच्या जात्यावरच्या ओव्या, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतची भुलाबाईची गाणी, पोळ्याच्या तोरणाखालच्या झडत्या, गोंड-कोलामांच्या वस्त्यांतली ढोलावरची नाचगाणी, दंडारीतली पदं, १४ एप्रिलच्या रात्री रंगणारी भीमगीतं आणि खंजिरीवरची भजनं. सगळी याच कपाशी-ज्वारीच्या पट्ट्यातली. पण आज त्यांची तब्येत सारखी नाही. ओवी जवळजवळ संपली. भुलाबाई तग धरून आहे. खंजिरी भजन मात्र आर्वी-आष्टीपासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत धडधाकट आहे. त्याची मंडळं आहेत, स्पर्धा आहेत आणि त्यात नवी पोरंही येतात. हा फरक का पडला, हे लोकसंगीताचे महोत्सव भरवणारे फारसं विचारत नाहीत. कोणतं गाणं अधिक गोड, कोणतं अधिक जुनं, यावर तो ठरलेला नाही एवढं उघड आहे. गोडीवर आणि वयावर ठरला असता तर ओवी सगळ्यांत पुढे असती. माझं म्हणणं असं की ज्या गाण्याला गावाच्या दिवसात ठरलेली वेळ आणि ठरलेलं काम असतं, ते टिकतं. ते काम गेलं की नुसत्या कौतुकावर गाणं जगत नाही.

ओवीचंच पाहा. जात्याच्या फेऱ्याला एक लय असते, हातांना काम असतं, घर झोपलेलं असतं आणि समोर दुसरी बाई बसलेली असते. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, न पटलेला नवरा, सगळं त्या अंधारात बोलता येत होतं, कारण ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. गावात पिठाची गिरणी आली आणि ही सगळी मांडणीच मोडली. यात हळहळण्यासारखं काही नाही. रोज पहाटे ज्वारी दळून ज्यांचे खांदे भरून आले, त्यांनी गिरणीचं स्वागतच केलं. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे काम थोर आहे. आज त्या वाचता येतात, काही ऐकताही येतात. पण संग्रहात गेलेली ओवी नव्याने रचली जात नाही. भुलाबाईची गोष्ट जराशी वेगळी. भुलोबा-भुलाबाईची मातीची जोडी मांडायची, वर ज्वारीच्या धांड्यांचं मखर करायचं, संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणायची आणि शेवटी डबा खडखडवून आतला खाऊ ओळखायचा. त्या खाऊच्या ओढीने पोरी सगळी गाणी पाठ करत. आता तीच संध्याकाळ शिकवणीवर्गाने आणि टीव्हीने घेतली. महिला मंडळं कोजागिरीला भुलाबाई बसवतात, छान साड्या नेसून गाणी म्हणतात, पण महिनाभराचं रोजचं गाणं एका रात्रीच्या कार्यक्रमात आटलं. हा कार्यक्रम करणाऱ्या बायका बहुतेक चाळिशीच्या पुढच्या असतात, यातच काय ते आलं.

खंजिरीच्या वाट्याला नेमकं उलट आलं. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेल्या माणिक इंगळे या मुलाने, म्हणजे पुढच्या तुकडोजी महाराजांनी, हे वाद्य हाती घेऊन गावोगाव भजनं केली. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. मोझरीचा तिवसा तालुका वर्धा नदीच्या पलीकडच्या काठाला, आणि अलीकडे आपले आर्वी-आष्टी. त्यामुळे या जिल्ह्याला महाराज कधी परके नव्हतेच. १९३६ मध्ये, गांधीजी नुकतेच सेवाग्रामला राहायला आले असताना, तुकडोजी तिथे काही आठवडे राहिले. सेवाग्रामची प्रार्थना उघड्यावर, सर्वधर्मीय आणि घड्याळाच्या काट्यावर होत असे. पुढे तुकडोजींच्या गुरुदेव सेवा मंडळाने पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना असा नेम गावागावांत रुजवला. त्यात सेवाग्रामचा वाटा किती हे मोजता येणार नाही, पण दोन्हीकडचं सूत्र एकच होतं: लोक एका वेळी, एका जागी, न बोलावता जमले पाहिजेत. भजनाला हीच सोय मिळाली. कलाकाराला बोलवावं लागत नाही, तिकीट नाही, मंडप नाही. दिवेलागणीला मंदिरात किंवा प्रार्थना-मंदिराच्या ओट्यावर दहा-पंधरा माणसं बसतात, पोरं मागे रेंगाळतात आणि ऐकता ऐकता शिकतात. संगीताची शाळा म्हणावी अशी पाटी कुठे नसते, पण शिक्षण रोज चालू असतं.

वाद्यही या कामाला चोख. वीतभर रुंदीचं लाकडी कडं, एका अंगाला ताणून बसवलेलं कातडं, कडेला खाचांत पितळी चकत्यांच्या जोड्या. पूर्वी कातडं घोरपडीचं असे. वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्यावर ते गेलं आणि बकरीचं आलं, हल्ली फायबरही दिसतं. डाव्या हाताने कडं धरायचं, उजव्या हाताची बोटं आणि तळवा यांनी वाजवायचं. खरी कारागिरी डाव्या हातात आहे. त्याच हाताची बोटं आतून किंवा कडेने कातड्यावर दाब देतात आणि आवाज घुमून वर चढतो, खाली येतो. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, आवाज बसतो. मग भजनाआधी विस्तवावर धरून ते शेकून घ्यावं लागतं. मुख्य गायक स्वतःच खंजिरी वाजवतो, म्हणून चाल कधी रोखायची, मध्येच दोन शब्द समजावून कधी सांगायचे आणि पुन्हा कधी उचलायचं, हे त्याच्याच हातात राहतं. पेटी, ढोलक, टाळ मागून येतात आणि बाकीचे धृपद उचलून धरतात. पिशवीत मावणारं, गरीब माणसाला परवडणारं, गाणं आणि बोलणं दोन्ही सांभाळणारं वाद्य हेच गावोगाव फिरणाऱ्या माणसाच्या उपयोगाचं. अकोल्याकडचे सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या समोर मांडून एकट्याने वाजवतात आणि अंधश्रद्धा, दारू, हुंडा यांवर बोलत गर्दीला तासन्‌तास बसवून ठेवतात, ती याच वळणाची पुढची फांदी.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. हे 'पारंपरिक' कसं? तुकडोजींची भजनं विसाव्या शतकातली, कवीचं नाव माहीत असलेली. पेटी तर युरोपातून आलेली. आणि भजनी मंडळं सिनेमाच्या चाली खुशाल उचलतात, हे कुणी लपवतही नाही. मग याला वारसा म्हणायचं आणि घोराडच्या केजाजी महाराजांच्या ठिकाणी चालणाऱ्या वारकरी भजनालाही वारसाच म्हणायचं? मला वाटतं, म्हणायला हरकत नाही, आणि त्यासाठी जरा लांबचा दाखला घ्यावा लागेल. ग्रामीण संगीताचा अभिमान जगात सगळ्यांत गाजावाजाने मिरवणारा देश आयर्लंड. कॉर्क आणि केरी परगण्यांच्या सीमेवरचा स्लीव्ह लुक्रा हा डोंगराळ भाग पोल्का या नाचचालीसाठी प्रसिद्ध आहे; पोल्का मूळची बोहेमियातली, एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरलेली. क्लेअर परगण्याची ओळख असलेली कॉन्सर्टिना ही छोटी पेटी इंग्लंडात जन्मली. बोधरान हे बकरीच्या कातड्याचं कडं, आपल्या खंजिरीचं थोरलं भावंडच; पण ते २६ डिसेंबरच्या एका लोकसणापुरतं वाजायचं आणि १९६०च्या दशकात शॉन ओ रिआडा या संगीतकाराने ते मंचावर आणल्यावर देशाचं प्रतीक झालं. पबच्या कोपऱ्यात वादक जमून वाजवतात ती 'सेशन' तर प्राचीन वाटते, पण तिची घडण मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये मजुरीला गेलेल्या आयरिश लोकांनी केली. कुणी त्यामुळे ते संगीत खोटं ठरवत नाही.

याच आयर्लंडमध्ये वेळ आणि जागा काढून घेतल्यावर काय होतं तेही दिसतं. १९३५ मध्ये तिथे सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा झाला. परवान्याशिवाय नाच नको, असा त्याचा रोख. पाद्री आणि पोलीस यांनी तो इतक्या उत्साहाने राबवला की शेतकऱ्यांच्या घरातल्या नाचाच्या रात्रीही बंद पडू लागल्या आणि त्या रात्रींवर जगणारे खेड्यातले वादक बेरोजगार झाले. सूर तेच होते, वाजवणारेही होते, रात्र गेली. सावरायला दोन गोष्टी कामी आल्या. १९५१ मध्ये संगीतकारांची संघटना उभी राहिली आणि तिने गावोगाव शाखा काढून मुलांचे वर्ग चालवले. आणि विली क्लॅन्सी या वादकाच्या निधनानंतर, १९७३ पासून, क्लेअरमधल्या मिलटाउन मालबे या छोट्या गावात दर जुलैत उन्हाळी शाळा भरते: सकाळी वर्ग, रात्री पबमध्ये तेच सूर. उत्सव आहेच, पण त्याच्या पोटात शिकवणी आहे. आपल्याकडे महोत्सव म्हटलं की मंच, सत्कार, शाल आणि तीन दिवसांनी रिकामं मैदान, अशी सवय लागली आहे.

दुसरा आक्षेप असा की हे संगीत नसून प्रचार आहे. ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, जातिभेद, देशभक्ती, हेच तर भजनांचे विषय. संगीत नुसतं वाहन. आहेच ते वाहन, आणि त्यामुळेच ते चालतं राहिलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूरला आणि आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीला लोक उठले, आष्टीत ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, गावकरी मेले आणि पोलीसही मेले. त्याच महिन्याच्या अखेरीस तुकडोजींना अटक करून तुरुंगात ठेवलं गेलं. नुसत्या करमणुकीच्या गाण्याला कोणतं सरकार घाबरतं? ग्रामगीता हा त्यांचा ४१ अध्यायांचा ग्रंथ ओवीत आहे, हेही लक्षात घेण्यासारखं. जात्यावरून उतरलेल्या छंदाला त्यांनी ग्रामपंचायतीच्या विषयांवर बसवलं. मात्र याची दुसरी बाजूही मानली पाहिजे. उपदेशाचा भार वाढला की चाल आखडते, आणि आजच्या पुष्कळ मंडळांत खंजिरीपेक्षा माईकवरचं प्रवचनच लांबतं. ते ऐकताना डाव्या हाताची ती बोटं काय करतात हे बघायला कुणी उरत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो: एक मजबूत संस्था उभी राहिली की तिचंच गाणं जिल्ह्याचं गाणं ठरतं आणि बाकीची गाणी झाकली जातात. खंजिरी मंडळं दीर्घकाळ पुरुषांची होती. ओवी आणि भुलाबाई बायकांची. ज्या बैठकीला गावाने ओटा आणि वेळ दिली ती पुरुषांची टिकली, ज्यांचं गाणं घरकामाला चिकटलेलं होतं त्यांचं गेलं. हा योगायोग नाही. महिला भजनी मंडळं आता गावोगाव आहेत आणि त्या बायका खंजिरीही वाजवतात, ही भरपाई थोडी उशिराने पण खरी. भीमगीतांनी मात्र कुणाची वाट पाहिली नाही. नागपूरला १९५६ मध्ये धम्मदीक्षा झाली, तिथून वर्ध्याच्या वस्त्यांना जयंती, वर्षावास, बुद्धविहार अशा स्वतःच्या तिथी आणि जागा मिळाल्या, आणि गाणी त्यांच्याभोवती वाढली. कुणा अकादमीने त्यांना मदत केली नव्हती. पोळ्याची झडती त्याहून बोलकी. बैलांच्या ओळी तोरणाखाली लागल्या की एकेक गडी पुढे होऊन चढ्या सुरात यमकांची झडती फेकतो, सावकार, सरपंच, कापसाचा भाव, शेजाऱ्याचा कंजूषपणा सगळ्यांना चिमटे बसतात आणि गर्दी महादेवाच्या गजराने उत्तर देते. वर्षातून एकच दिवस, पण तो दिवस पक्का आहे, म्हणून झडती दर वर्षी नवी होते. ज्या गावात ट्रॅक्टरने बैल संपवले तिथे तोरणाखाली ओळच लागत नाही आणि झडतीही थांबते. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात, ज्यासाठी सिंदी रेल्वे प्रसिद्ध आहे, लाकडी नंदी घेऊन पोरं निघतात. खरी जनावरं नसली तरी त्या पोरांच्या तोंडी झडती देणं मुळीच अवघड नाही.

मग करायचं काय? भजन स्पर्धांना नावं ठेवणारे म्हणतात, बक्षिसासाठी भक्ती बिघडते, सगळे एकाच ढंगात गातात. ढंग सपाट होतो, हे खरं. आयर्लंडमधल्या स्पर्धांबद्दलही हीच तक्रार वर्षानुवर्षं आहे. पण स्पर्धेमुळे पंधरा वर्षांचा मुलगा दोन महिने सराव करतो, हेही खरं. परीक्षकांनी जुन्या चालीला, कातड्याच्या खंजिरीला आणि स्वतः रचलेल्या पदाला वेगळे गुण ठेवले, तर सपाटपणाला बराच आळा बसेल. याहून मोठी संधी शाळेत आहे, आणि वर्ध्याने ती एकदा जगाला दाखवलेली आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमच्या अभ्यासक्रमात सूतकताईसोबत संगीताला विषयाची जागा मिळाली. आजच्या जिल्हा परिषद शाळेत भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर शेवटचा तास भुलाबाईला दिला, गावातल्या आजीला गाणी शिकवायला मानधनावर बोलावलं आणि खाऊचा डबा शाळेच्या खर्चाने भरला, तर येणारा खर्च एका महोत्सवाच्या मंडपापेक्षा कमीच असेल. धर्माची गाणी सरकारी शाळेत कशी, असं कुणी विचारील. भुलाबाईच्या गाण्यांत देवापेक्षा सासू, नणंद, बांगड्या आणि माहेरची वाट जास्त आहे. शिवाय त्याच तासात झडती, भीमगीत आणि कोलामांचं ढोलाचं गाणंही बसवता येतं. कोणतं गाणं कोणत्या महिन्यात, हे गावाच्या पंचांगाने आधीच ठरवून ठेवलं आहे. शाळेच्या वेळापत्रकात तेवढा तास काढायचा आहे.