हिवाळा आणि घोड्याचे पोट

सोलापुरात घोड्याच्या हिवाळ्याविषयी बोलावयाचे म्हटले, की इथे हिवाळा असतो तरी कोठे, असे कोणीही विचारील. विचारणे अगदीच गैरवाजवी नाही. मार्गशीर्ष-पौषात आपल्याकडे रात्री पारा बहुधा पंधरा-सोळा अंशांपर्यंत येतो, एखाद्या कडक वर्षी दहाच्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा तिशीला टेकतो. यामुळे घोडा बाळगणारे दोन तऱ्हांनी वागतात. काहीजण हिवाळ्याची दखलच घेत नाहीत. काहीजण पहाटे चार दिवस गारठा पडला, की घोड्यावर झूल चढवितात, खिडक्यांना पोती लावतात आणि चंदी दुप्पट करतात. आमच्या मते दोघांचीही नजर थंडीवरच असते, आणि घोड्याचा खरा धोका दुसरीकडे असतो. आपल्या मुलखात हिवाळ्यात घोडा दगावला, तर त्याचे कारण बहुधा पोटात सापडते.

थंडीचा हिशेब आधी उरकून टाकू. अंगावर पातळ केस असलेल्या निरोगी घोड्यालाही साधारण पाच अंशांपर्यंत शरीराची ऊब राखण्यासाठी जादा काही करावे लागत नाही. थंड प्रदेशातील दाट केसांचा घोडा तर शून्याखाली दहा अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतो. हे केस थंडी वाजू लागल्यावर येतात असे नाही. दिवस लहान होऊ लागला, की ते वाढीला लागतात. आपल्याकडे आषाढातील दिवस आणि पौषातील दिवस यांत सुमारे दोन तासांचा फरक पडतो, तेवढा त्यांना पुरतो. तेव्हा धडधाकट घोड्याला सोलापुरात झुलीची गरज नाही. म्हातारे जनावर, शिंगरू, आजारातून उठलेला घोडा किंवा कामावरून घामाघूम होऊन आलेला घोडा यांची गोष्ट वेगळी. त्यांना वाऱ्याचा आडोसा हवा. घाम पुसून, अंग वाळेपर्यंत घोड्याला हळूहळू फिरवून मगच थानावर बांधावे. झूल घातलीच, तर ऊन चढताच काढावी. दुपारच्या तिशीत झुलीखाली घाम येतो आणि संध्याकाळी तोच अंगावर गार होतो. तबेल्याची तोंडे पोत्यांनी बंद करणे तर आम्हाला सर्वांत वाईट वाटते. लिदीचा आणि मुताचा तिखट वास कोंडला, की घोड्याची छाती बिघडते.

आता पोट. गाय एकदा भराभर चारा गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. तिच्या पोटाची चार दालने मिळून शंभरावर लिटर सहज मावतात. घोड्याला रवंथ नाही. मोठ्या घोड्याचेही जठर आठ ते पंधरा लिटरांचे, म्हणजे घरातल्या बादलीएवढे. त्याच्या चाऱ्याचे खरे पचन पुढे, मोठ्या आतड्यात होते. तेथे असंख्य सूक्ष्म जीव काड्या कुजवून त्यांतून शक्ती काढतात. या कुजण्यात उष्णताही निर्माण होते, म्हणून थंडीच्या रात्री घोड्याला ऊब हवी असेल, तर दाणे वाढविण्यापेक्षा वैरण वाढवावी. मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास चरत असतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत राहते, आणि ते शमविणारी लाळ मात्र तो चघळत असेल तेव्हाच सुटते. सकाळी एक पेंढी, रात्री एक पेंढी आणि मधले दहा तास रिकामी दावण, असे झाले की जठरात व्रण पडू लागतात. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथील स्नायू इतके आवळलेले असतात, की आत गेलेले वाईट काहीही त्याच वाटेने बाहेर पडत नाही.

म्हणून वैरणीचे माप ठरवावे ते घोड्याच्या वजनावरून. काटा कोठून आणावा, असे कोणी म्हणेल. त्याला शिंप्याची फीत पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्यावा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी, दोन्ही सेंटिमीटरांत. घेराला घेराने गुणावे, आलेल्या संख्येला लांबीने गुणावे आणि ११,९०० ने भागावे. घेर १५० आणि लांबी १३० असेल, तर उत्तर सुमारे २४५ किलो येते. आपल्याकडील तट्टे आणि वरातीतील लहान घोड्या याच्या आगेमागेच असतात. अशा घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्के, म्हणजे पाच किलो किंवा थोडी अधिक सुकी वैरण हवी. ती चार वेळा विभागून द्यावी आणि सर्वांत मोठा वाटा रात्रीचा ठेवावा.

वैरण म्हटली, की सोलापूरकरांच्या डोळ्यांपुढे कडबा येतो, आणि तो येणे योग्यच आहे. मंगळवेढ्याची ज्वारी आणि मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण, हे आपल्या जिल्ह्याचे भूषण. मालदांडीला शेतकरी सोडीत नाही तो निम्मा तिच्या कडब्यासाठी. पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. रब्बीची ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरतात आणि माघ-फाल्गुनात काढतात. म्हणजे हिवाळ्यात घोड्यापुढे पडणारा कडबा हा गेल्या वर्षीचा, आठ-दहा महिने गंजीत राहिलेला असतो. त्यातील हिरवेपणा गेलेला, पाने झडून गेलेली, उरलेली ताटे लाकडासारखी. पोट भरते, पण अंगी लागत नाही. त्यातून गंजीवर परतीचा पाऊस पडला असेल, तर आतल्या पेंढ्या काळ्या पडतात. असा बुरसट कडबा बैल एखादे वेळी पचवील. घोड्याला तो देऊ नये. बुरशीच्या धुळीने त्याला धाप लागते, आणि बुरसलेला मका तर थेट मेंदूवर घाव घालतो. चांगला कडबासुद्धा कुट्टी करून, पाण्याचा हबका मारून घालावा.

हिरवे म्हणून हिवाळ्यात आपल्याकडे दोन गोष्टी मुबलक दिसतात. एक उसाचे वाढे, कारण कारखान्यांचा हंगाम चालू असतो. दुसरी शेतात उभी असलेली ज्वारी. दोन्हींविषयी सावध असावे. वाढ्यांत ऑक्झलेट असते, ते शरीरातील चुना बांधून ठेवते. त्यात भर म्हणून गव्हाचा कोंडा भरपूर घालण्याची चाल आहे, आणि कोंड्यात चुना कमी व फॉस्फरस जास्त. वाढे आणि कोंडा यांवर महिनोन्महिने ठेवलेल्या घोड्याचे हाड पोकळ होते, जबडा व तोंड सुजल्यासारखे दिसते आणि तो लंगडू लागतो. इंग्लंडात पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा रोग होई, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला गेला. यावर साधा उपाय म्हणजे लसूणघास. रोज दोन-तीन किलो हिरवा घास मिळाला, तरी चुन्याची उणीव बरीच भरून निघते. हरळी मिळाली तर उत्तमच; घोड्याला तिच्यासारखे दुसरे गवत आवडत नाही. माळावरचे पवना-मारवेल फुलोऱ्यात असताना कापून वाळविलेले चांगले. कुसळी मात्र कुसळे धरण्याआधी कापली नसेल, तर तोंडात जखमा करते.

ज्वारीचे तसे नाही. पाण्याविना खुरटलेली कोवळी ज्वारी गुरांना लागते आणि ती तासाभरात मरतात, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. घोडा लगेच मरत नाही, म्हणून ती त्याला बाधत नाही असा समज होतो. परंतु आठवडेच्या आठवडे हिरवी ज्वारी खाल्ली, तर घोड्याचे मागचे पाय लुळे पडत जातात आणि मूत्र थेंबथेंब गळू लागते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात १९६० च्या दशकात ज्वारीच्या कुळातील चाऱ्यावर ठेवलेल्या घोड्यांत हा रोग ठळकपणे दिसून आला. गेलेले पाय बहुधा परत येत नाहीत. नीट वाळलेल्या कडब्यात हे विष बहुतेक उडून गेलेले असते. तेव्हा ज्वारी घोड्याला द्यावी, पण वाळवून.

आता कामाकडे वळू. युरोपातील पुस्तकांत हिवाळा हा घोड्याच्या विश्रांतीचा काळ मानलेला दिसतो. आपल्याकडे नेमके उलटे आहे. मराठ्यांच्या फौजेचे वर्ष दसऱ्याला सुरू होई. पावसाळा छावणीत जाई आणि सीमोल्लंघन झाले, की हिवाळाभर घोडी स्वारीत असत. म्हणून वैरणीची बेगमी हा राज्यकारभाराचा विषय होता. शिवाजी महाराजांचे राज्याभिषेकाच्या सुमाराचे, चिपळूणकडील छावणीच्या अधिकाऱ्यांना धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीलाही हात लावू नये, या ताकिदीसाठी ते नेहमी सांगितले जाते. घोडेवाल्याच्या दृष्टीने वाचले, तर त्यात वैरणीचा चोख हिशेब आहे: साठविलेले दाणावैरण आताच मनमानी खर्च केले, तर पुढे भर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. आगीपासून गवताच्या गंजी कशा जपाव्या, हेही त्यात आहे. हा हिशेब जेथे बिघडला तेथे काय झाले, ते पानिपतावर दिसले. १७६० च्या नोव्हेंबरपासून फौज अडकून पडली, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली. उत्तरेची थंडी होतीच. पण १४ जानेवारी १७६१ च्या आधीच घोडी मेली ती मुख्यतः दावणीत वैरण उरली नाही म्हणून.

आज घोडा स्वारीत नाही आणि टांगेही जवळजवळ दिसेनासे झाले. तरी हिवाळा हा त्याचा कामाचाच काळ राहिला आहे. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे उतरतात, त्यांचा संसार तट्टांच्या पाठीवर असतो. यांतील बरीच तट्टे भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी जातीची. या जातीची देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून अलीकडे अधिकृत नोंद झाली, ही आपल्या जिल्ह्याने अभिमान बाळगण्यासारखी बाब. शहरात घोडा दिसतो तो वरातीत. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, डिसेंबराच्या मध्याला धनुर्मास लागतो, आणि संक्रांतीपर्यंत घोडी बसून असते. आमच्या मते वर्षातील सर्वांत घातक महिना हाच. काम बंद, पण चंदी चालू. मग संक्रांत उलटते, पहिलाच मुहूर्त येतो, घोडी चार पावले चालते आणि तिची कंबर ताठते, मांड्यांचे स्नायू दगडासारखे होतात, घाम सुटतो, कॉफीच्या रंगाचे मूत्र होते. युरोपात गाडीच्या घोड्यांना हे सोमवारी होई, कारण रविवारी ते पूर्ण चंदी खाऊन उभे असत. असे दिसताच घोडीला जागीच थांबवावे, ओढून चालवू नये आणि पशुवैद्याला बोलवावे. पण मुळात बसत्या दिवसांत चंदी निम्म्याहून कमी करावी, वैरण पूर्ण ठेवावी आणि रोज तासभर तरी फिरवून आणावे. कामाच्या दिवसांतही २४५ किलोच्या घोड्याला भिजविलेला हरभरा किंवा शिजविलेला कुळीथ मिळून एक ते दीड किलो पुष्कळ झाला, आणि तोही दोन-तीन तोबऱ्यांत. एकदम दाणे पडले, तर ते मोठ्या आतड्यात आंबतात. पोट तरी फुगते किंवा खुरांच्या आतील नाजूक पापुद्र्यांना दाह होऊन घोडा पाऊल टाकीनासा होतो. वरातीत मंडळी हौसेने जिलबी, लाडू, गूळ घोडीच्या तोंडात देतात. ते बंद व्हावे, आणि त्याऐवजी वरात निघण्यापूर्वी व पोहोचल्यावर एक बादली पाणी पुढे यावे. हे घोडीवाल्यापेक्षा लग्नघराच्या हाती अधिक असते.

पाण्याचा प्रश्न हिवाळ्यात दिसत नाही म्हणूनच तो मोठा. उन्हाळ्यात तहान दिसते. थंडीत गार पाण्याला घोडा तोंड लावून मागे सरतो, आणि मालक समजतो त्याला तहान नाही. तिकडे पोटात जुना कोरडा कडबा. पंधरा ते वीस लिटर पाणी रोज न गेले, तर लीद सुकते, आतड्यात अडते आणि पोटशूळ उठतो. रात्रभर सिमेंटच्या हौदात गारठलेले पाणी सकाळी पाजू नये. विहिरीचे किंवा बोअरचे ताजे उपसलेले पाणी पहाटे कोमट असते, घोडा ते आवडीने पितो. रोज पंचवीस ग्रॅम मीठ चंदीत मिसळले, तर तहान जागी राहते. गड्ड्याच्या यात्रेसारख्या ठिकाणी किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नेलेल्या घोड्याला आपल्याच बादलीने पाजावे. सामायिक हौदावरून रोग येतात.

पोटशुळाची लक्षणे घरातल्या पोरालाही ठाऊक असावीत: दावण सोडणे, पायाने जमीन उकरणे, वळूनवळून कुशीकडे पाहणे, पुन्हापुन्हा लोळणे, लीद बंद होणे. तेव्हा वैरण काढून घ्यावी आणि पशुवैद्याला ताबडतोब बोलवावे. नळकांड्याने तेल किंवा काढा पाजण्याची जुनी सवय आहे. घोडा वेदनेने मान उडवीत असताना ते घशाऐवजी श्वासनळीत जाते, आणि पोटाचा आजार फुप्फुसाचा होतो. डॉक्टर नाकातून नळी थेट जठरात घालतात, ते काम शिकलेल्या हातांचे आहे.

भरपूर खाऊनही घोडा हिवाळ्यात वाळत चालला, तर वैरण वाढविण्याआधी त्याचे दात दाखवावे. दाढांच्या कडा धारदार झाल्या, तर तो चघळू शकत नाही. लिदीत जंत आहेत का ते पाहावे. पावसाळ्यानंतर मोठ्या गोमाश्यांमुळे सर्रा नावाचा रोग पसरतो. अधूनमधून ताप, पोटाखाली सूज आणि रोड होत जाणे ही त्याची खूण, आणि रक्त तपासल्याखेरीज तो नक्की कळत नाही. घोडा रोडावला आहे की नाही, हे केसांमुळे डोळ्यांना उशिरा कळते. रोज खरारा करताना बरगड्यांवरून तळहात फिरवावा. हाताला आधी कळते.

होळीच्या सुमारास नवा कडबा बाजारात येतो. तो गोड, पानाळ आणि अजून थोडा ओलसर असतो, आणि वर्षभर जुने चघळलेला घोडा त्यावर तुटून पडतो. आतड्यातील सूक्ष्म जीवांना नव्या चाऱ्याची सवय व्हावयास आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पहिल्या दिवशी जुन्यात चौथाई नवा मिसळावा, दोन-तीन दिवसांनी निम्मा करावा आणि जुनी गंजी अगदी संपण्याची वाट न पाहता हा बदल सुरू करावा.