घरच्या तव्यावर पालेभाजीचा पिझ्झा

पिझ्झा हा पदार्थ आता तालुक्याच्या गावीच नव्हे, तर हमरस्त्यावरील लहान खाणावळींतही मिळू लागला आहे. मुलांना तो प्रिय आहे आणि वडीलधाऱ्यांना त्याची धास्ती वाटते. मैदा, मीठ आणि चीज यांपलीकडे त्यात काय असते, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न निराधार नाही. परंतु इटलीतील ज्या नेपल्स शहराने हा पदार्थ जगाला दिला, तेथील रीत पाहिली असता पिझ्झा व पालेभाजी यांचा संबंध जुना आहे असे दिसून येते. मॅकरोनीसाठी प्रसिद्धी मिळण्यापूर्वी नेपल्सच्या रहिवाशांना ‘पानखाऊ’ अशा अर्थाचे टोपणनाव होते. नाताळच्या आदल्या दिवशी तेथे स्कारोला नावाच्या किंचित कडवट पालेभाजीचे सारण भरून बंद पिझ्झा करतात. फ्रियारिएल्ली नावाची भाजी, म्हणजे सलगमाच्या जातीतील कोवळे शेंडे, लसूण व मिरची घालून तेलात परततात आणि पिझ्झावर पसरतात. आपल्याकडील मोहरीचा व मुळ्याचा पाला त्याच कुळातील आहे.

मुले पालेभाजी ताटात बाजूला सारतात, ही तक्रार घरोघर ऐकू येते. तिच्याकडे केवळ हट्ट म्हणून पाहणे बरोबर नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर बालकांपैकी ६७ बालकांत व १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पिझ्झाने रक्तक्षय बरा होतो असे मात्र कोणी समजू नये. पालेभाजीतील लोह शरीरात थोडेच शोषले जाते. त्यासोबत क जीवनसत्त्व पोटात गेले तर शोषण वाढते, म्हणून खाताना वर लिंबू पिळावे. भाजी लोखंडी कढईत केल्यास लोहाचा आणखी थोडा अंश मिळतो. शिवाय हिरव्या पानांतील ज्या द्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, ते शोषले जाण्यास स्निग्ध पदार्थाची जोड लागते. ती जोड तेल व चीज यांतून मिळते. पालेभाजी पिझ्झावर घालण्यात जो लाभ आहे तो एवढाच, पण तो खरा आहे.

घरी केलेला पिझ्झा बिघडतो तो बहुधा पाण्यामुळे. पालकाच्या ताज्या पानात शंभर भागांपैकी नव्वदांहून अधिक भाग पाणी असते. कच्ची पाने चिरून थेट रोटीवर पसरली की उष्णतेने ते पाणी सुटते, खालची रोटी लिबलिबीत होते आणि चीज वर तरंगू लागते. नेपल्सच्या भट्टीत चारशे अंश सेल्सियसहून अधिक उष्णता असते व पिझ्झा दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो. तरीही तेथील कारागीर ओलसर चीज आधी निथळून घेतात. आपल्या तव्यावर तर मंद आच आणि वर झाकण, म्हणजे वाफ कोंडण्याचीच व्यवस्था. म्हणून पाल्यातील पाणी आधीच काढले पाहिजे.

चार जणांसाठी निवडलेली अर्धा किलो भाजी घ्यावी. पिकावर औषध फवारले असल्यास डब्यावरील सूचनेत दिलेले दिवस उलटल्यावाचून ती खुडू नये. पाने अखंड असतानाच दोन-तीन पाण्यांत धुवावीत आणि मग चिरावीत, कारण चिरल्यावर धुतल्यास सत्त्व वाहून जाते. कढईत दोन चमचे तेल तापवून ठेचलेला लसूण व लाल मिरची घालावी. मोठ्या आचेवर पाला झाकण न ठेवता परतावा. पाणी मुळीच घालू नये; मीठही शेवटी घालावे. ढीगभर पाला पाहता पाहता मूठभर होतो. कढईचा तळ कोरडा दिसू लागला की उतरावे. काही जण भाजी उकडून पिळून काढतात. ते सोपे असले तरी पिळलेल्या पाण्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात. पिळलेच तर ते पाणी कणीक भिजविण्यास वापरावे. मेथी, माठ, पालक, चाकवत, शेवग्याचा कोवळा पाला यांपैकी काहीही चालेल. मेथीचा कडवटपणा चीजबरोबर चांगला लागतो, असे आमचे मत आहे. आंबट चुका घातल्यास टोमॅटो कमी करावा.

रोटीसाठी अर्धा किलो पीठ, ३०० मिलिलिटर कोमट पाणी, सपाट लहान चमचाभर कोरडे यीस्ट, दीड लहान चमचा मीठ व थोडे तेल लागते. दोन भाग मैदा व एक भाग गव्हाचे पीठ असे मिश्रण सुरुवातीस बरे. खपली गहू घरी असेल तर तोही मिसळावा. इटलीत फार्रो या नावाने तोच गहू खातात. मात्र त्याचा चिकटपणा कमी असल्याने निव्वळ खपलीची रोटी कमी फुगते. ज्वारी-बाजरीच्या पिठात तर वायू धरून ठेवणारा गव्हाचा चिकटा नसतोच. पीठ दहा मिनिटे मळून झाकून ठेवावे. उन्हाळ्यात तासाभरात ते दुप्पट होते, थंडीत दुप्पट वेळ लागतो. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे.

अर्धा किलो टोमॅटो चिरून, चमचा ओढला असता मागे वाट राहील इतका घट्ट आटवावा. बिनकल्हईचे पितळी भांडे यासाठी वापरू नये.

पिठाचे चार गोळे करून प्रत्येकी अर्धा सेंटिमीटर जाडीची रोटी थापावी. बिडाचा तवा मध्यम तापवून एक बाजू डाग पडेपर्यंत भाजावी व रोटी उलटावी. आता वर आलेल्या भाजलेल्या बाजूवर टोमॅटोचा पातळ थर, त्यावर कोरडा पाला व शेवटी किसलेले चीज घालावे. चार रोट्यांना मिळून २०० ग्रॅम मोझरेला चीज पुरते. दक्षिण इटलीत ते म्हशीच्या दुधाचेही करतात. घरचे पनीर चुरून घालता येते, पण ते वितळत नाही याची कल्पना असावी. आच मंद करून पाच-सहा मिनिटे झाकण ठेवावे. मध्ये एकदा झाकण उचलून त्याच्या आतील पाणी फडक्याने पुसावे, आणि शेवटचे मिनिट झाकण कलते ठेवावे. एवढ्याने रोटीचा तळ कुरकुरीत राहतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना महिला मंडळात प्रात्यक्षिक करावयाचे असल्यास एक रोटी कच्च्या पाल्याची व एक परतलेल्या पाल्याची करून दोन्हींचा तळ उलटून दाखवावा. भाजीचे कोवळे देठ बारीक चिरून पानांच्या आधी कढईत टाकावेत. जून देठ आमटीत घालावेत. पीठ उरल्यास तेल लावलेल्या झाकणाच्या डब्यात शीतकपाटात ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्याची रोटी अधिक चवदार होते.