वनस्पत्याहारातील अन्नलालसा : क्षुधा, क्षय की लोभ?

गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. नवेगाव बांधासारख्या विस्तीर्ण जलाशयापासून गावोगावच्या मालगुजारी तलावांपर्यंत सर्वत्र मासे मिळतात. अनेक घरांत भाताबरोबर माशांचे कालवण आणि दिवसातून तीन-चार वेळा दुधाचा चहा हे सात्म्य झालेले आहे. अशा घरातील एखादी व्यक्ती मांस, मासे, अंडी, दूध, दही, तूप व मध या सर्वांचा त्याग करून केवळ वनस्पतीजन्य, म्हणजेच ‘व्हीगन’, आहार स्वीकारते तेव्हा काही दिवसांतच ती आपल्याकडे येते आणि म्हणते, “वैद्यराज, निश्चय आहे, पण जिभेवर ताबा राहत नाही.” या तक्रारीस केवळ मनोनिग्रहाचा उपदेश हे उत्तर पुरेसे आहे काय, याचा ऊहापोह आम्ही येथे करीत आहोत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘नवेगान्धारणीय’ हा सातवा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. अधारणीय अशा तेरा वेगांत क्षुधेची गणना आहे, तर धारण करावयाच्या मानसिक वेगांत लोभ व अतिराग यांची. म्हणजे एक इच्छा दडपणे हा अपराध, तर दुसरी न आवरणे हा अपराध. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात तिसरी बाजू दाखविली आहे. ज्याचे दोष, धातू वा मल क्षीण झाले आहेत, तो त्यांची वृद्धी करणाऱ्या अन्नपानाची आकांक्षा धरतो. तेव्हा लालसा दिसताच प्रथम प्रश्न हा की, ही क्षुधा आहे, क्षय आहे की लोभ?

क्षुधा ओळखणे सोपे आहे. ती कोणत्याही साध्या अन्नाने शमते. मासे व दूध सोडले, पण त्या जागी काही आले नाही आणि ताटात नुसता भात वाढला, असे आपल्याकडे वारंवार घडते. पॉलिश केलेल्या तांदळाचा भात लवकर पचतो व दोन तासांत पुन्हा भूक लागते. कृशता, दौर्बल्य, अंगमर्द, भ्रम ही क्षुधानिग्रहाची लक्षणे येथे दिसू लागतात. उपाय औषधाचा नव्हे, ताटाचा आहे. तूर, मूग, हरभरा, उडीद यांपैकी एक डाळ दोन्ही वेळा, जवसाची किंवा तिळाची चटणी, शेंगदाणे आणि पालेभाजी असावी. तूप वर्ज्य असल्याने स्निग्धांश तिळतेलातून द्यावा.

येथे लाखोळीविषयी सावध करणे आमचे कर्तव्य आहे. ही डाळ आपल्या भागात पिकते व स्वस्त असते, म्हणून कोणी तिलाच मुख्य अन्न करील. भावप्रकाशात त्रिपुटाच्या सेवनाने खंजत्व व पंगुत्व येते असे सांगितले आहे. आधुनिक शास्त्रही तिच्यातील विषारी घटकामुळे पायांचा कायमचा लुळेपणा येतो असे मानते. भिजवून पाणी टाकल्याने हा घटक कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून वनस्पत्याहारी रुग्णास ती महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाऊ देऊ नये.

क्षयाची चिन्हे निराळी असतात. कच्चे तांदूळ किंवा माती खाण्याची ओढ, विशेषतः स्त्रियांत, रक्तक्षयाची सूचक असू शकते. येथे शरीराची मागणी खरी असते, पण तिचे लक्ष्य चुकलेले असते. मात्र केवळ पांडुता पाहून मंडूर वा लोहकल्प सुरू करू नयेत. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आढळतात, म्हणून रक्ततपासणी आधी करावी. जेवणासोबत चहा टाळावा आणि आवळा किंवा लिंबू द्यावे.

बी-१२ जीवनसत्त्वाविषयी संदिग्धता नको. ते वनस्पतीजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही आणि यकृतातील साठा वर्षानुवर्षे पुरत असल्याने न्यूनता उशिरा प्रकट होते. मुंग्या येणे, जीभ सोलवटणे, विस्मरण ही लक्षणे दिसेपर्यंत थांबू नये. त्याच्या गोळ्या अशा रुग्णास आरंभापासूनच सुचवाव्यात. अमुक चूर्णाने ही उणीव भरते, असे औषधालयातून कधीही सांगितले जाऊ नये.

महात्मा गांधींचे उदाहरण बोलके आहे. त्यांनी १९१२ मध्ये दूध सोडले. १९१८ मध्ये तीव्र अतिसारानंतर ते इतके क्षीण झाले की, अखेर शेळीचे दूध घेणे त्यांना मान्य करावे लागले आणि व्रताचा आत्मा दुखावल्याची खंत त्यांनी आत्मचरित्रात प्रांजळपणे नोंदविली. त्यांच्याइतका निग्रही पुरुषही क्षयापुढे हतबल झाला, तेथे सामान्य रुग्णास लोभी ठरविण्यात अर्थ नाही.

क्षुधा व क्षय वगळल्यावर उरते ती सवय. तिच्यासाठी त्याच अध्यायात पादांशिक क्रम सांगितला आहे. जुने चतुर्थांशाने सोडावे, नवे चतुर्थांशाने धरावे आणि मधले अंतर वाढवीत जावे. दीर्घकालीन सवयीसाठी आम्ही दिवसांऐवजी आठवडे मोजतो. दुधाचे चार चहा असतील तर दर आठवड्यास एक कमी करून त्या जागी सुंठ-गवती चहाचा काढा द्यावा. माशांची ओढ पुष्कळदा त्या कालवणातील आंबट-तिखट मसाल्याची असते. तोच मसाला घालून वास्ते किंवा हरभऱ्याची भाजी केली की ती बरीच निवळते.

औषधालय चालकांना एक विनंती. च्यवनप्राशात तूप व मध, पुनर्नवा मंडूरात गोमूत्र, शंख-प्रवाळादी भस्मांत प्राणिज द्रव्य आणि साध्या कॅप्सूलच्या आवरणात बहुधा जिलेटिन असते. ग्राहकाने विचारल्यास हे स्पष्ट सांगावे. मधाच्या अनुपानाऐवजी गूळ वा कोमट पाणी चालेल काय, हे वैद्यास विचारून ठरवावे.

आयुर्वेदाने दुग्ध-घृतास मोठे स्थान दिले आहे, हे आम्ही जाणतो. तथापि रुग्णाचे व्रत मोडणे हे आपले काम नव्हे, आणि व्रतापायी त्याचे शरीर मोडू देणे हेही नव्हे. लालसेचे मूळ शोधले तर दोन्हींचे रक्षण होईल, असा आमचा विश्वास आहे.